कचेरीतील शील



शासन कोठे असते, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण मुंबईच्या मंत्रालयाकडे किंवा दिल्लीकडे बोट दाखवतो. परंतु खेड्यातील शेतमजुराचे शासन इतक्या दूर नसते. ते तलाठ्याच्या दप्तरात असते, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या हातात असते, शाळेच्या गुरुजींच्या हजेरीत असते आणि तहसील कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाच्या जिभेवर असते. त्या खिडकीतून 'या, काय काम आहे?' असा शब्द आला, तर त्या माणसाला वाटते की हे राज्य आपले आहे. 'आज होणार नाही, पुढच्या सोमवारी या' असा शब्द आला, तर संविधानातील सारी कलमे त्याच्यापुरती त्या दिवशी मिटलेली असतात.

म्हणून आज एका साध्या दिसणाऱ्या, पण खोल प्रश्नाचा विचार करू. लोकांना मिळणाऱ्या सेवेचा कस कशावर ठरतो? कायद्यावर, पगारावर, की सेवा देणाऱ्याच्या मनोवृत्तीवर? आणि मनोवृत्ती हीच जर निर्णायक असेल, तर वाईट मनोवृत्ती हा केवळ रीतभातीचा दोष आहे, की ते अकुशल कर्म आहे? हा प्रश्न आपल्या घराघरातला आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण खिडकीच्या बाहेर रांगेत उभे आहेत आणि आपली काही मुलेमुली खिडकीच्या आत खुर्चीवर बसली आहेत. दोघांनीही तो सोडवला पाहिजे.

एकच नियम, दोन कारकून

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. मुलीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायचा आहे. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला, म्हणून त्या तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो. बाप मजूर आहे. आजा शाळेत गेला नव्हता. घरात जमिनीचा कागद नाही, कारण जमीनच नव्हती.

पहिला कारकून अर्ज पाहतो आणि म्हणतो, "पन्नास सालचा पुरावा नाही, घेऊन जा." बाप कोठून तरी कागद मिळवून परत येतो, तेव्हा त्याला कळते की शपथपत्र राहिले आहे. ते करून आणतो, तेव्हा कळते की नावात फरक आहे. एका कागदावर 'धोंडिबा' आहे आणि दुसऱ्यावर 'धोंडू'. तीन खेपा होतात. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे जाते आणि प्रवेशाची मुदत एक पाऊल जवळ येते.

दुसरा कारकून तोच अर्ज पाहतो, तोच नियम पाळतो. पण तो एका चिठ्ठीवर सगळ्या त्रुटी एकदम लिहून देतो. तो सांगतो, "आजोबा शाळेत गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने कोतवाल बुक बघा. जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. नक्कल मागा. नावातल्या फरकाचे शपथपत्र त्याच दिवशी करून घ्या." बाप एका खेपेत मार्गी लागतो.

आता विचार करा. पहिल्या कारकुनाने लाच घेतली नाही, शिवी दिली नाही, नियम मोडला नाही. कोणतीही चौकशी समिती त्याच्यावर ठपका ठेवू शकणार नाही. तरीही एका मुलीचे वर्ष वाया गेले असेल, तर ते त्याच्या टेबलावर गेले. दोघांचा नियम, पगार आणि खुर्ची ही सारखीच होती. फरक होता तो समोरच्या माणसाविषयी मनात असलेल्या भावनेचा. एकाला वाटले, ही कटकट आहे, ती टेबलावरून हटली पाहिजे. दुसऱ्याला वाटले, हा माणूस एका कामासाठी आला आहे, ते काम झाले पाहिजे.

मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली पोलीस शिपाई, शिक्षक, कल्याण खात्याचे कर्मचारी यांच्या कामावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे की धोरण वर कागदावर ठरत असले, तरी नागरिकाच्या वाट्याला येणारे खरे धोरण या शेवटच्या पायरीवरील कर्मचाऱ्याच्या रोजच्या वागण्यातून घडते. कोणाला थांबवायचे, कोणाला समजावून सांगायचे, कोणाला परत पाठवायचे, हे तोच ठरवतो. आपल्या लोकांना हे कळायला अमेरिकन ग्रंथाची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आपण ते सोसूनच शिकलो आहोत.

वरचा हुकूम आणि खालचे मन

आपला इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मोठ्या मनाचे राजे होते. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्ती दिली. त्याच संस्थानात १९१७ साली बाबासाहेब अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. कचेरीतील पिण्याचे पाणी त्यांना मिळत नव्हते. गावात राहायला जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत ते शहर सोडावे लागले. राजाचा हुकूम बाबासाहेबांच्या बाजूने होता. शिपायाचे मन विरुद्ध होते. त्या दिवशी शिपायाचे मन राजाच्या हुकमापेक्षा बलवान ठरले.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करण्याचा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घ्यावे लागले आणि त्यानंतर आपल्या माणसांची डोकी फुटली. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये चार वर्षे माणसांची मने आडवी पडलेली होती.

६ मार्च १९३८ रोजी मुंबईत दादरला भंगी समाजाची एक सभा झाली. तिच्यात एका तरुणाने आपली हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी ती आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. हा तरुण गुजरातेतील खेडा जिल्ह्यात, बोरसद तालुक्याच्या कचेरीत तलाठी म्हणून नेमला गेला होता. नेमणूक सरकारी होती, पण कचेरीत त्याला दूर उभे राहावे लागे, पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे, राहायला घर मिळत नसे. शेवटी त्याला ते ठिकाण सोडून मुंबई गाठावी लागली. नेमणुकीच्या कागदाने त्याला खुर्ची दिली होती. आजूबाजूच्या मनांनी ती काढून घेतली.

आणि ही गोष्ट फार जुनी झाली, असेही समजू नका. धम्मदीक्षेनंतर अनुसूचित जातींना मिळणाऱ्या केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा तो अन्याय दूर झाला. पण दिल्लीतला कायदा बदलला म्हणून प्रत्येक टेबलावरचे तोंड त्याच दिवशी बदलले नाही. "बौद्ध कशाला लिहिता? सवलत जाईल. हिंदूच लिहा," हा सल्ला त्यानंतरही पुष्कळ घरांनी ऐकला आहे. कोणी तो अज्ञानाने दिला, कोणी कुत्सितपणे. परिणाम एकच: माणसाला आपला धम्म लपवावासा वाटला.

दोष मनाचा की व्यवस्थेचा?

येथे एक रास्त आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, "तुम्ही कर्मचाऱ्याला दोष देता, पण तीन माणसांचे काम एकटा करतो, पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, आरोग्य केंद्रात औषध नाही, संगणक चालत नाही, वरून रोज नवा तक्ता भरायला येतो. अशा माणसाकडून गोड शब्दाची अपेक्षा करणे म्हणजे व्यवस्थेचे पाप गरीब नोकराच्या माथी मारणे नव्हे काय?"

हा आक्षेप अर्धा खरा आहे. २००३ साली देशातील वीस राज्यांत सुमारे ३,७०० सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन एक पाहणी झाली. भेटीच्या वेळी शंभरातले पंचवीस शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी म्हणजे पंधराच्या आसपास होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. जेथे इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, जेथे तपासणी नुकतीच झाली होती, तेथे गैरहजेरी कमी होती. म्हणजे व्यवस्थेचा परिणाम होतो, हे सिद्धच आहे. पण त्याच पाहणीने असेही दाखवले की अधिक पगार असलेले शिक्षक अधिक हजर राहतात, असे नाही. पगाराने पोट भरते. कर्तव्यबुद्धी पगाराबरोबर आपोआप येत नाही.

दुसरा एक प्रयोग पाहा. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग या संशोधकांनी २०१७ साली तो प्रसिद्ध केला. कर्नाटकातील सरकारी परिचारिकांना फासा टाकून पडलेले आकडे स्वतःच लिहायला सांगितले. मोठ्या आकड्याला पैसे अधिक. कोणी पाहत नव्हते. ज्यांनी संभवनीय नाहीत इतके मोठे आकडे लिहिले, त्याच कामावर खोटेपणाने अधिक गैरहजर राहणाऱ्या निघाल्या. फाशाचा आणि रुग्णाचा काय संबंध? संबंध असा की कोणी पाहत नसताना माणूस जे करतो, तेच त्याचे शील. ते शील फाशापाशी एक आणि खाटेपाशी दुसरे असे असत नाही.

तेव्हा उत्तर असे आहे. व्यवस्था सुधारावी म्हणून संघटनेतून, विधानसभेतून, रस्त्यावरून लढले पाहिजे. पण व्यवस्था सुधारेपर्यंत हातात जे आहे, त्याचे काय करायचे, हे ज्याच्या त्याच्या मनाने ठरवायचे आहे. औषध नसेल तर परिचारिका औषध देऊ शकणार नाही. पण ते कोठे मिळेल, एवढे सांगू शकेल. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले, हेतूत पाहिले. म्हणूनच 'मी नियम मोडला नाही' एवढ्याने धम्माच्या न्यायालयात सुटका होत नाही.

अशोकाने सांगितलेले सात दोष

आजपासून सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने हाच प्रश्न आपल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला होता. कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने ओडिशात धौली येथे खडकावर एक लेख कोरविला. तो तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे तेथील न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सर्व प्रजा मला मुलांसारखी आहे, असे सांगून तो म्हणतो की कधीकधी एखादा माणूस विनाकारण तुरुंगात पडतो आणि त्यामुळे अनेकांना दुःख होते. अशा वेळी अधिकाऱ्याचे हातून मध्यम मार्ग सुटतो तो काही मनोदोषांमुळे. अशोकाने ते दोष मोजून सांगितले: ईर्ष्या, चिडखोरपणा, निष्ठुरता, उतावळेपणा, चिकाटीचा अभाव, आळस आणि थकवा. लक्षात घ्या, या यादीत लाच नाही, राजद्रोह नाही. सातही दोष मनाचे आहेत.

हे सात दोष आजच्या कचेरीत शोधून पाहा. ईर्ष्या म्हणजे 'यांच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळते, आमच्यांना नाही' असे मनात धरून शिष्यवृत्तीचा अर्ज खाली सरकवणे. चिडखोरपणा म्हणजे म्हातारीने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणून तिच्यावर खेकसणे. तिला ऐकू कमी येते, हे पाहण्याइतकीही उसंत न घेणे. निष्ठुरता म्हणजे प्रसूतीच्या वेदनांत कण्हणाऱ्या बाईला टोमणा मारणे. उतावळेपणा म्हणजे पूर्ण ऐकून न घेता शेरा मारणे आणि त्या एका शेऱ्यापायी पेन्शन सहा महिने अडकणे.

चिकाटीचा अभाव हा तर सर्वांत सभ्य दिसणारा दोष. 'मी पत्र पाठवले, उत्तर आले नाही, माझे काम संपले.' विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण तीन कचेऱ्यांतून फिरते. प्रत्येक कचेरीने आपापले पत्र पाठवलेले असते. सर्वांचे काम झालेले असते. फक्त त्या बाईचे झालेले नसते. आळसाबद्दल सांगायला नको. आणि थकवा? अशोकाने थकवाही दोषांत धरला, याचे प्रथम नवल वाटते. थकणे हा काय अपराध आहे? पण त्यात खोल अर्थ आहे. दिवसाचा शंभरावा अर्जदार त्याच्या स्वतःच्या दृष्टीने पहिलाच असतो. त्याने नव्व्याण्णव जणांना पाहिलेले नसते. कर्मचारी थकला, तर त्याने विश्रांती घ्यावी, मनुष्यबळ मागावे; पण आपला थकवा शंभराव्या माणसाच्या अंगावर फेकण्याचा अधिकार त्याला नाही.

अशोक केवळ उपदेश करून थांबला नाही. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी सर्वांना वाचून दाखवावा, असे त्याने फर्मावले. दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, सौम्य वृत्तीचा अधिकारी तपासणीसाठी पाठवीन, असेही त्यात नमूद केले. म्हणजे शिकवण आणि देखरेख या दोन्हींची जोड त्याने घातली. मनोवृत्ती आहे म्हणून ती केवळ ज्याच्या त्याच्यावर सोडून द्यावी, असे त्याला वाटले नाही.

आपला माणूस खुर्चीवर

आता आपल्या घराकडे वळू. आपली मुले राखीव जागेवर नोकरीत गेली की गुणवत्ता घसरली, सेवा बिघडली, असे ओरडणारे आजही आहेत. त्यांना उत्तर देण्यासाठी आपल्याजवळ पुरावा आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातील आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या नोकरांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटली, असा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. उलट वरच्या श्रेणींत हे प्रमाण अधिक असता उत्पादकता वाढल्याची काही चिन्हे दिसली. हा मुद्दा पाठ करून ठेवा आणि निर्भयपणे सांगा.

पण जगाला उत्तर दिले म्हणजे स्वतःला उत्तर मिळाले, असे नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी जाहीर खंत व्यक्त केली की शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला. शिकून हे समाजाची सेवा करतील अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांना दिसली ती स्वतःचे पोट भरण्यात गुंतलेली कारकुनांची गर्दी. हे वाक्य ऐकायला कडू आहे. दर पिढीने ते स्वतःला पुन्हा ऐकवले पाहिजे.

आणखी एक कडू गोष्ट. रेमा हॅना आणि लेह लिंडन यांनी भारतात एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांवर मुलांची जात मनाला येईल तशी लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता. पण विचार करण्यासारखे हे की, तो फरक प्रामुख्याने त्याच 'खालच्या' समजलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. एका प्रयोगावरून सारा निष्कर्ष काढू नये, आणि यावरून सवर्णांच्या कचेऱ्यांत भेदभाव नाही असे तर मुळीच म्हणता येणार नाही. तरी एक इशारा त्यातून घेतला पाहिजे. आपल्याला हिणवणारा डोळा आपल्याच डोक्यात जाऊन बसू शकतो. धर्मांतराने नाव बदलते, देव्हाऱ्यातील देव जातात. हा डोळा मात्र मनातून प्रयत्नपूर्वक काढावा लागतो.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटले. तिच्यात आदर वर चढत जातो आणि तिरस्कार खाली उतरत जातो. कचेरीतही तेच चालते. साहेब मोठ्या बाबूवर ओरडतो, मोठा बाबू कारकुनावर, कारकून शिपायावर आणि शिपाई दारातल्या म्हातारीवर. आपल्या मुलाला कचेरीत अपमान सोसावा लागत असेल, त्याची बढती अडवली जात असेल, त्याच्या पाठीमागे आरक्षणावरून टोमणे मारले जात असतील, तर त्याने तो अपमान जेथून आला त्या दिशेला, वर, लढून परतवावा. तक्रार करावी, संघटनेत जावे, न्यायालयात जावे. तो अपमान त्याने खिडकीबाहेरच्या माणसावर उतरवला, तर तो जातिव्यवस्थेचाच एक जिना झाला, मग त्याच्या घरात बुद्धमूर्ती असो वा नसो.

येथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. आपला माणूस खुर्चीवर असेल, तर त्याने आपल्या माणसाचे काम आधी करावे काय? पुष्कळ जण म्हणतात, "त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या लोकांचे केले, आता आपण आपल्यांचे केले तर काय बिघडले?" विचार करून पाहू. आपल्या नातेवाइकाचा अर्ज रांग मोडून वर घेतला, तर खाली कोणाचा जातो? ज्याचा कोणी वशिला नाही त्याचा. तो कदाचित कातकरी असेल, कदाचित दुसऱ्या गावचा आपलाच बौद्ध असेल. म्हणजे जो सर्वांत निराधार, त्याच्याच खिशातून आपण आपल्या नातेवाइकाला दान दिले. दिलेले नाही ते घेऊ नये, हे दुसरे शील येथे मोडते.

पण सर्वांना सारखेच वागवणे म्हणजे सर्वांना तेवढीच तीन मिनिटे देणे, असेही नाही. शिकलेला वकील आणि अंगठा उठवणारी बाई यांना सारखेच 'फॉर्म भरून आणा' म्हणणे, ही वरवरची समता आहे. तो दोन मिनिटांत भरील. ती दलालाला पैसे देईल. म्हणून तत्त्व असे धरावे: पाळी सर्वांची सारखी, मदत ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. जिला वाचता येत नाही तिला अर्ज वाचून दाखवणे, हा पक्षपात नाही. ती बाई कोणत्याही जातीची असो, तिला तेवढी मदत झाली तरच तिच्यासाठी नियम सारखा होतो. आपण सोसले आहे, म्हणून अशी अडलेली व्यक्ती ओळखायला आपला डोळा अधिक तयार असला पाहिजे. आपल्या दुःखाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग इतर भिक्खूंना विचारले, "याची सेवा का केली नाही?" उत्तर आले की हा भिक्खू आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. खिडकीमागच्या साऱ्या बेपर्वाईचे मूळ या एका उत्तरात आहे. समोरचा माणूस माझ्या उपयोगाचा नाही. तो मला बढती देणार नाही, त्याची ओळख नाही, त्याच्यापासून भीती नाही. तथागतांनी भिक्खूंना समजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. सरकारी दवाखान्यात किंवा कचेरीत काम करणाऱ्या बौद्धाने रोज सकाळी त्रिशरण म्हणून झाल्यावर या प्रसंगाची आठवण करावी. त्याचे विहार दिवसाचे आठ तास त्या टेबलापाशीच आहे.

खिडकीच्या बाहेरचे कर्तव्य

सारा भार आतल्या माणसावर टाकून बाहेरच्याने हात जोडून उभे राहायचे, हेही आपल्या चळवळीला शोभत नाही. सेवा ही कोणाची कृपा नाही, तो आपला हक्क आहे. हा हक्क कायद्यानेही मान्य केला आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्याप्रमाणे कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. २००५ च्याच माहिती अधिकार कायद्याप्रमाणे अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत द्यावी लागते. मुदत टळली किंवा नकार मिळाला तर त्याच खात्यात पहिले व दुसरे अपील आणि पुढे आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून अर्ज दिला की पोच घ्या. तारीख आणि शिक्का पाहा. 'होणार नाही' म्हणाले, तर का होणार नाही ते लेखी मागा. एकट्याला भीती वाटत असेल तर वाचता येणाऱ्या मुलीला बरोबर न्या. लाच देऊ नका. आपण दिलेली चिरीमिरी मागून येणाऱ्या गरिबाच्या कामाचा भाव ठरवून जाते. आणि आतला माणूस नीट वागला, तर त्याला तसे बोलून दाखवा. कर्मचारीही माणूसच आहे. दिवसभर तक्रारच ऐकणाऱ्याच्या कानावर चांगल्या कामाची दखलही पडली पाहिजे. आपणही खिडकीपाशी अर्वाच्य बोलू नये, रांग मोडू नये. सम्यक वाणी दोन्ही बाजूंनी पाळायची असते.

ज्यांच्या घरी कोणी नोकरीत आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. मुलगा किंवा सून संध्याकाळी कामावरून येते, तेव्हा आपण विचारतो, पगार झाला का, महागाई भत्ता किती वाढला, बदली कोठे होणार. हे विचारणे स्वाभाविक आहे. त्याबरोबर एवढेही विचारा: "आज किती जणांचे काम केलेस? कोणाला परत पाठवलेस, आणि का?" आईबापांनी हा प्रश्न रोज विचारला, तर कोणत्याही तपासणी अधिकाऱ्यापेक्षा त्याचा वचक मोठा राहील. आणि परत पाठवलेल्या माणसाचे काम दुसऱ्या दिवशी करता येण्याजोगे असेल, तर ते आधी उरकण्याची बुद्धी त्या प्रश्नातूनच होईल.

सम्यक आजीविका म्हणजे शस्त्र, विष, दारू यांचा व्यापार न करणे, एवढाच अर्थ आपण पाठ केलेला असतो. सरकारी नोकरी या यादीत नाही, म्हणून ती आपोआप सम्यक होते, असे नाही. ज्या उपजीविकेने समोरच्याचे दुःख कमी होते, ती सम्यक. त्याच खुर्चीवर बसून, तोच पगार घेऊन, ती सम्यक करायची की मिथ्या, हे खुर्चीवर बसणाऱ्याच्या हाती आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्या खुर्चीपर्यंत नेले. पुढचे काम आपले आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.